लॉस एंजेलिसचा उपनगरीय विस्तार, मोटारप्रवास आणि पर्यावरण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीनंतरच्या शहरांचा इतिहास लिहिताना गिरणीचे धुराडे हे प्रदूषणाचे प्रतीक मानण्याची पद्धत आहे. मँचेस्टर, पिट्सबर्ग किंवा लंडन या शहरांच्या बाबतीत ते योग्यही आहे. तथापि विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरात प्रदूषणाचा जो नवा प्रकार प्रकट झाला, त्याचे मुख्य उगमस्थान धुराड्यात नव्हते. ते घरोघरच्या मोटारीत आणि त्या मोटारीला अपरिहार्य करणाऱ्या वस्तीच्या रचनेत होते. कारखान्यांची संख्या मर्यादित असते, ते दृष्टीस पडतात आणि त्यांच्या मालकांना जाब विचारता येतो. लॉस एंजेलिसमध्ये मात्र प्रदूषण करणारा आणि प्रदूषण सोसणारा हा बहुतेक वेळा एकच नागरिक होता. या वैशिष्ट्यामुळे पर्यावरणाच्या इतिहासात या शहराचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

मोटार आली म्हणून शहर पसरले, असा एक सर्वसाधारण समज आहे. रॉबर्ट फोगेलसन यांचा 'द फ्रॅगमेंटेड मेट्रोपोलिस' (१९६७) आणि स्कॉट बॉटल्स यांचा 'लॉस एंजेलिस अँड द ऑटोमोबाईल' (१९८७) या ग्रंथांच्या आधारे पाहता हा समज अपुरा असल्याचे दिसून येते. शहर विखुरले ते आधी. मोटारीने ते विखुरलेपण भरून काढले आणि पक्के केले. हा क्रम केवळ तपशिलाचा प्रश्न नाही. रोगाचे निदान मोटारीच्या धुरापुरते केले की उपायही धुरापुरताच राहतो. लॉस एंजेलिसच्या बाबतीत नेमके हेच घडले. तेथील शासनाने व वैज्ञानिकांनी धुरावर उल्लेखनीय विजय मिळवला. परंतु घर आणि कामाचे ठिकाण यांतील अंतर हा प्रश्न दीर्घकाळ पर्यावरणाचा प्रश्न म्हणून ओळखलाच गेला नाही. हे प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) लॉस एंजेलिसच्या उपनगरीय विस्तारामागील आर्थिक व राजकीय कारणांचा शोध घेणे. २) मोटारप्रवास व हवेचे प्रदूषण यांतील संबंध कसा उघड झाला, हे तपासणे. ३) प्रदूषण-नियंत्रणाच्या यशाचे व त्याच्या मर्यादांचे मूल्यमापन करणे.

अभ्यासाचा कालखंड १८७६ मध्ये लोहमार्ग शहरात आल्यापासून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपर्यंतचा आहे. मांडणी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून दुय्यम साधनांवर आधारित आहे.

१. लोहमार्ग, जमीन आणि पाणी : विस्ताराचा पाया (१८७६ ते १९१५)

स्पॅनिश राजवटीत १७८१ मध्ये वसलेले लॉस एंजेलिस हे गाव एक शतकभर लहानच राहिले. १८८० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११ हजारांच्या आसपास होती. सदर्न पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग १८७६ मध्ये येथे पोहोचला. पुढील दशकात सांता फे कंपनीचा प्रतिस्पर्धी मार्ग आला, दोन्ही कंपन्यांत भाडेकपातीची स्पर्धा लागली आणि जमिनीच्या व्यवहारांना उधाण आले. १९०० मध्ये लोकसंख्या १ लाखावर, १९२० मध्ये सुमारे ५ लाख ७७ हजारांवर, तर १९३० मध्ये १२ लाखांच्या पुढे गेली. म्हणजेच शिकागो किंवा न्यूयॉर्कप्रमाणे पायी चालण्याच्या युगातील दाट गाभा तयार होण्यापूर्वीच हे शहर विद्युत वाहतुकीच्या युगात वाढले.

या वाढीला आकार दिला तो हेन्री हंटिंग्टन या उद्योजकाने. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या लाल गाड्या पुढे चार कौंट्यांमध्ये धावू लागल्या. भरभराटीच्या काळात तिच्या रुळांची एकूण लांबी १,००० मैलांहून, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरहून अधिक होती. तथापि प्रवासी वाहतूक हा या उद्योगाचा खरा नफ्याचा भाग नव्हता. हंटिंग्टनच्या जमीन-विकास कंपनीने ओसाड किंवा शेतीखालील जमीन स्वस्तात घ्यावी, तेथपर्यंत रूळ न्यावेत आणि भाव वाढल्यावर भूखंड पाडून विकावेत, अशी ही पद्धत होती. रूळ हे भूखंडविक्रीचे साधन होते. साहजिकच मार्ग आखताना सलग वस्तीपेक्षा दूरच्या, मोकळ्या जमिनीला प्राधान्य मिळाले. मध्यपश्चिमेकडील प्रांतांतून आलेल्या मध्यमवर्गीयांनाही अंगण असलेले स्वतंत्र घर हवे होते. विक्रेत्याचा नफा आणि ग्राहकाची आवड यांचा येथे मेळ बसला.

जमिनीला पाण्याची जोड मिळाल्याविना हा विस्तार टिकला नसता. विल्यम मुल्हॉलंड या अभियंत्याच्या देखरेखीखाली ओवेन्स खोऱ्यातून सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलवाहक बांधण्यात आला आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये तो सुरू झाला. या पाण्याचा लाभ घ्यायचा तर शहराच्या हद्दीत यावे, असे धोरण महापालिकेने ठेवले. परिणामी १९१५ मध्ये सॅन फर्नांडो खोऱ्याचा मोठा भाग शहरात विलीन झाला आणि शहराचे क्षेत्रफळ दुपटीहून अधिक वाढले. या खोऱ्यातील जमीन आधीच खरेदी करून ठेवणाऱ्या गटांत हंटिंग्टन आणि 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे मालक हॅरिसन ग्रे ओटिस यांचा समावेश होता, ही बाब बोलकी आहे.

या विस्ताराची पहिली पर्यावरणीय किंमत शहराने नव्हे, तर शेकडो किलोमीटर दूरच्या प्रदेशाने मोजली. पाणी वळवल्यानंतर सुमारे दशकभरातच ओवेन्स सरोवर कोरडे पडले. त्याच्या क्षारयुक्त तळावरून उठणारी धूळ पुढे अमेरिकेतील धूलिकणांच्या सर्वांत मोठ्या स्रोतांपैकी एक ठरली. तिला आवर घालण्याचे काम एकविसाव्या शतकातही चालू असून त्यावर महापालिकेला प्रचंड खर्च करावा लागला आहे. मोटारी सर्वसामान्यांच्या हाती येण्यापूर्वीच घडलेली ही घटना उपनगरीय विस्ताराचे स्वरूप स्पष्ट करते. त्याचा लाभ एका ठिकाणी दिसतो आणि त्याचा भार दुसरीकडे पडतो.

२. मोटारीचा स्वीकार (१९२० ते १९४०)

विखुरलेल्या या वस्तीत मोटारीचे स्वागत झाले यात नवल नाही. सौम्य हवामान, सपाट जमीन आणि स्थानिक खनिज तेल ही कारणे होतीच. त्याशिवाय लाल गाड्यांविषयीची नाराजी हेही महत्त्वाचे कारण होते. गाड्या गर्दीच्या व संथ असत, मार्ग शहराच्या मध्याकडेच एकवटत आणि दोन मार्गांमधील भूभागाला त्यांचा उपयोग नसे. विसाव्या दशकाच्या मध्यास लॉस एंजेलिसमध्ये साधारणतः तीन माणसांमागे एक मोटार होती. अमेरिकेच्या सरासरीच्या मानाने हे प्रमाण दुपटीहून अधिक होते.

याच काळात शहरापुढे निवडीचे काही क्षण आले. एप्रिल १९२० मध्ये शहराच्या मध्यभागी दिवसा मोटारी उभ्या करण्यावर बंदी घालण्यात आली. व्यापारात घट झाल्याने काही आठवड्यांतच ती सैल करावी लागली. नोव्हेंबर १९२४ मध्ये मुख्य रस्त्यांच्या रुंदीकरणाचा व्यापक आराखडा मतदारांनी मंजूर केला. उलटपक्षी १९२५ मध्ये केल्कर, डी ल्यू आणि कंपनी या सल्लागार संस्थेने सुचवलेली भुयारी व उन्नत जलद लोहमार्गांची योजना मात्र कागदावरच राहिली. खासगी लोहमार्ग कंपनीसाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा, असा नागरिकांचा आक्षेप होता. रस्ता हा सर्वांचा आणि रूळ हे कंपनीचे, ही समजूत निर्णायक ठरली.

यासंदर्भात एका प्रचलित मताचा परामर्श घेणे आवश्यक आहे. मोटार, टायर व तेल कंपन्यांनी कट करून ट्रामसेवा नष्ट केली, असे अनेकदा सांगितले जाते. जनरल मोटर्स आदींचा पाठिंबा असलेल्या नॅशनल सिटी लाइन्स कंपनीने १९४५ मध्ये शहरांतर्गत पिवळ्या ट्रामगाड्यांच्या कंपनीवर ताबा मिळवला आणि १९४९ मध्ये या कंपन्यांना बसगाड्या व इंधनसामग्रीच्या विक्रीत मक्तेदारीचा कट केल्याबद्दल शिक्षाही झाली, हे खरे आहे. परंतु वाहतूक व्यवसायाचीच मक्तेदारी बळकावल्याच्या आरोपातून त्याच खटल्यात त्या सुटल्या. शिवाय लाल गाड्या चालवणारी पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनी नॅशनल सिटी लाइन्सच्या मालकीची कधीच नव्हती. भूखंड विकले गेल्यावर रुळांना पोसणारा नफा आटला. रस्त्यांवरील मोटारींच्या गर्दीत त्याच रस्त्यांवरून किंवा त्यांना छेदून धावणाऱ्या गाड्या आणखी मंदावल्या. लाँग बीचकडे जाणारी शेवटची लाल गाडी एप्रिल १९६१ मध्ये बंद झाली. कंपन्यांचा स्वार्थ निर्विवाद असला, तरी तो ऱ्हासाचे एकमेव कारण नव्हता.

३. उपनगरांची घाऊक उभारणी आणि फ्रीवे (१९४० ते १९७०)

दुसऱ्या महायुद्धानंतर विस्ताराची सूत्रे स्थानिक जमीनदारांकडून संघराज्य शासनाच्या धोरणाकडे गेली. केनेथ जॅक्सन यांनी 'क्रॅबग्रास फ्रंटियर' (१९८५) या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे १९३४ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये मिळणारी कर्जहमी आणि १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना मिळालेल्या सवलती यांमुळे उपनगरात नवे घर घेणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. जुन्या, दाट वस्तीतील घरांना मात्र हे कर्ज सहजासहजी मिळत नसे आणि कृष्णवर्णीयांना तर ते जवळपास नाकारलेच जाई.

लॉस एंजेलिस कौंटीतील लेकवूड हे या धोरणाचे ठळक उदाहरण होय. १९५० पासून अवघ्या तीन वर्षांत सुमारे ३,५०० एकर शेतजमिनीवर १७,५०० घरे उभी राहिली. त्यांच्या मध्यभागी सुमारे १०,००० मोटारी उभ्या करण्याची सोय असलेले बाजारसंकुल होते. १९५४ मध्ये लेकवूडने स्वतंत्र नगरपालिका स्थापन केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृषी उत्पन्नाच्या बाबतीत दीर्घकाळ देशात अग्रस्थानी असलेल्या या कौंटीतील शेते आणि संत्र्यांच्या बागा पुढील काही दशकांत जवळजवळ नाहीशा झाल्या.

उपनगरांना जोडणाऱ्या फ्रीवेंची सुरुवात ३० डिसेंबर १९४० रोजी खुल्या झालेल्या, शहराचा मध्य व पॅसाडीना यांना जोडणाऱ्या अरोयो सेको मार्गाने झाली. १९४७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने इंधनकर वाढवून रस्तेबांधणीसाठी निधी राखून ठेवला. १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य जाळ्याचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला. इंधनकरातून रस्ते, रस्त्यांमुळे अधिक प्रवास, त्यातून अधिक इंधनविक्री आणि पुन्हा अधिक कर असे हे स्वयंपोषक चक्र होते.

या रस्त्यांचा भार समाजात समान वाटला गेला नाही. १९६० च्या दशकात अनेक फ्रीवेंना एकत्र आणणारा प्रचंड संगम बॉइल हाइट्स या बहुतांशी मेक्सिकन-अमेरिकन कामगारवस्तीत उभा राहिला. वेस्ट ॲडम्समधील शुगर हिल या भागातील कृष्णवर्णीय रहिवाशांनी वर्णभेदी खरेदी-करारांविरुद्ध १९४५ मध्ये न्यायालयीन लढा जिंकला होता. पुढे सांता मोनिका फ्रीवे त्याच वस्तीतून काढण्यात आला. याउलट बेव्हर्ली हिल्समधून जाणारा नियोजित फ्रीवे श्रीमंत रहिवाशांच्या विरोधामुळे १९७० च्या दशकात आराखड्यातून वगळण्यात आला. उपनगरातून मोटारीने येणाऱ्याचा धूर आणि गोंगाट प्रत्यक्षात फ्रीवेलगतच्या गरिबाच्या वाट्याला येत असे.

भूमी आच्छादली गेल्याचे परिणाम पाण्यावरही झाले. १९३८ च्या महापुरानंतर लष्कराच्या अभियंता विभागाने सुमारे ८२ किलोमीटर लांबीच्या लॉस एंजेलिस नदीचे पात्र बहुतांशी काँक्रीटने बांधून काढले. पूरमैदानात घरे बांधल्याने नदीला पसरण्यास जागाच उरली नव्हती. पुढे छपरे, रस्ते आणि वाहनतळ जसे वाढत गेले, तसे पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी या कालव्यातून थेट समुद्रात जाऊ लागले. एकीकडे शेकडो किलोमीटरवरून पाणी आणायचे आणि दुसरीकडे अंगणात पडलेले पाणी घालवून द्यायचे, अशी विसंगती विस्ताराने निर्माण केली.

४. धुरक्याचा शोध (१९४३ ते १९५५)

लॉस एंजेलिसचे खोरे उत्तरेस व पूर्वेस पर्वतरांगांनी वेढलेले आहे. पॅसिफिक महासागराच्या थंड पाण्यामुळे जमिनीलगतची हवा थंड राहते आणि तिच्यावर उष्ण हवेचा थर झाकणासारखा बसतो. तापमानाच्या या विपरीततेमुळे खालची हवा वर जाऊ शकत नाही. भरपूर सूर्यप्रकाश ही या प्रदेशाची कीर्ती. परंतु प्रदूषकांच्या रासायनिक अभिक्रियेला तोच चालना देतो.

२६ जुलै १९४३ रोजी शहरावर दाट, डोळ्यांना झोंबणारे धुरके पसरले. महायुद्ध चालू असल्याने तो शत्रूचा विषारी वायू असावा, अशी शंकाही काहींना आली. संशयाचा रोख नंतर कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार करणाऱ्या एका कारखान्याकडे वळला. तो काही काळ बंद ठेवूनही धुरके हटले नाही. १९४७ मध्ये कौंटीने देशातील पहिले वायुप्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. तेलशुद्धीकरण कारखान्यांवर निर्बंध आले. ऑक्टोबर १९५७ पासून घरामागे कचरा जाळण्यास मनाई झाली. थोडक्यात, धुराडी आणि शेगड्या यांवर उपाय करून पाहिले गेले. मोटार अद्याप संशयाबाहेर होती.

या शोधाला वळण दिले ते आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ते अननसाच्या स्वादद्रव्यांवर संशोधन करीत होते. हवेतील सूक्ष्म द्रव्ये वेगळी करण्याचे त्यांचे कौशल्य धुरक्याच्या अभ्यासात उपयोगी पडले. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले की, इंधनाच्या वाफेतील हायड्रोकार्बन व ज्वलनातून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो. भाजीपाल्याच्या पानांवर पडणारे डाग आणि रबराला पडणाऱ्या भेगा हे दोन्ही त्यांनी प्रयोगशाळेत घडवून दाखवले. म्हणजेच धुरके कुठल्या एका नळकांड्यातून बाहेर पडत नव्हते. ते हवेतच तयार होत होते आणि त्याचा कच्चा माल प्रामुख्याने मोटारी पुरवीत होत्या.

हे निष्कर्ष सहज स्वीकारले गेले नाहीत. तेल उद्योगाने अर्थसाहाय्य दिलेल्या संशोधनातून त्यांना आव्हान देण्यात आले. कौंटीचे लोकनियुक्त पर्यवेक्षक केनेथ हान यांनी १९५३ पासून मोटार उत्पादकांशी पत्रव्यवहार केला. मोटारीतून निघणारे वायू हवेत लवकर विरून जातात व त्यांच्यापासून प्रदूषणाची समस्या उद्भवत नाही, असे उत्तर त्यांना फोर्ड कंपनीकडून मिळाले. ऑक्टोबर १९५४ मध्ये धुरके इतके दीर्घकाळ टिकले की शाळा आणि काही उद्योग बंद ठेवावे लागले. १९५५ मध्ये शहराच्या हवेत ओझोनचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत ०.६८ भाग इतके नोंदले गेले. २०१५ मध्ये निश्चित झालेले संघीय मानक आठ तासांच्या सरासरीसाठी ०.०७० आहे. मोजमापाच्या पद्धती वेगळ्या असल्या, तरी त्या काळच्या हवेची कल्पना यावरून यावी.

५. नियंत्रणाचे यश (१९६० ते १९९९)

पुढील चार दशकांचा इतिहास हा सार्वजनिक नियमनाच्या यशाचा इतिहास होय. १९६० मध्ये राज्याने मोटार-प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. १९६६ मध्ये मोटारीच्या धुरासाठी देशातील पहिली मानके लागू झाली. १९६७ मध्ये कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड अस्तित्वात आले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या संघीय कायद्याने कॅलिफोर्नियाला स्वतःची कडक मानके ठरवण्याची मुभा दिली. या मुभेवरून पुढे अनेकदा राजकीय संघर्ष झाला. १९६९ मध्ये प्रदूषण-नियंत्रक उपकरणांचा विकास संगनमताने लांबवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या न्याय विभागाने मोटार उत्पादकांवर दावा दाखल केला व तो समझोत्याने निकाली निघाला.

१९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटारींतून होणारे उत्सर्जन ९० टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य ठेवले. त्यातून १९७५ च्या मोटारींपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास बसवला जाऊ लागला. शिशामुळे हे उपकरण निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर संपूर्ण बंदी आली. परिणाम स्पष्ट होते. १९७० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात वर्षाला शंभराहून अधिक दिवस ओझोनविषयक धोक्याचा इशारा दिला जाई. १९९९ मध्ये असा एकही इशारा द्यावा लागला नाही. लोकसंख्या आणि मोटारी या दोन्हींत मोठी वाढ होऊनही हे साध्य झाले, हे विशेष. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते, नव्या मोटारी १९७० मधील मोटारींच्या तुलनेत सामान्य प्रदूषकांबाबत सुमारे ९९ टक्के स्वच्छ आहेत.

६. उरलेले अंतर

या यशाचे स्वरूप मात्र तपासून पाहावे लागते. नियमनाचे एकक होते प्रत्येक मैलामागे बाहेर पडणारा धूर. एकूण किती मैल प्रवास करावा लागतो, हा प्रश्न नियमनाच्या कक्षेबाहेर राहिला. हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड यांचे रूपांतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ज्या वायूत करतो, तो कार्बन डायऑक्साइड होय. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि धुरावरील कोणतेही उपकरण तो कमी करू शकत नाही. धुरक्याच्या काळात निरुपद्रवी मानला गेलेला हा वायूच हवामानबदलाच्या काळात मुख्य प्रश्न बनला. कॅलिफोर्नियातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतूक हा सर्वांत मोठा स्रोत आहे. जुने अंतर अशा रीतीने नव्या नावाने परत आले.

धुरक्यावरील विजयही अपूर्णच आहे. समुद्रावरून येणारे वारे प्रदूषित हवा पूर्वेकडे रिव्हरसाइड व सॅन बर्नार्डिनो या कौंट्यांकडे नेतात. किनाऱ्यालगतची घरे महाग झाल्याने सामान्य उत्पन्नाची कुटुंबे याच पूर्वेकडील उपनगरांत गेली. त्यांचा कामावर जाण्याचा प्रवास सर्वांत लांबचा आणि त्यांच्या वाट्याची हवा सर्वांत वाईट, अशी स्थिती निर्माण झाली. अमेरिकन लंग असोसिएशनच्या वार्षिक अहवालांत ओझोन प्रदूषणाच्या बाबतीत लॉस एंजेलिसचा विस्तृत परिसर जवळजवळ दरवर्षी देशात पहिल्या क्रमांकावर राहिला आहे.

रस्ते रुंद केल्याने कोंडी सुटते, ही अपेक्षाही अनुभवाने खोटी ठरली. सेपल्वेडा खिंडीतून जाणाऱ्या फ्रीवेचे रुंदीकरण एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च करून २०१४ मध्ये पूर्ण झाले. गर्दीच्या वेळच्या प्रवासाचा कालावधी मात्र लक्षणीयरीत्या कमी झाला नाही. नवी जागा नवी वाहने भरून काढतात, हे वाहतूकशास्त्रातील तत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास आले.

येथे एक विरोधाभास नोंदवला पाहिजे. २०१० च्या जनगणनेनुसार लॉस एंजेलिसचा सलग नागरी परिसर हा घनतेच्या बाबतीत देशात पहिला होता. तेथे दर चौरस मैलाला सुमारे ७,००० लोक राहत होते, तर न्यूयॉर्कच्या नागरी परिसरात सुमारे ५,३००. यावरून असे दिसते की, उपनगरीय विस्तार म्हणजे केवळ विरळ वस्ती नव्हे. न्यूयॉर्कमध्ये दाट गाभा आणि विरळ कडा आहे, त्यामुळे गाभ्यातील लोकांना मोटारीवाचून जगता येते. लॉस एंजेलिसमध्ये मध्यम घनता सर्वत्र सारखी पसरलेली आहे. घरे, कचेऱ्या आणि बाजार अनेक दिशांना विखुरलेले आहेत. कोणताही एक लोहमार्ग या सर्वांना जोडू शकत नाही. या दृष्टीने पाहता गर्दी आणि अंतर हे दोन्ही दोष या रचनेत एकत्र नांदतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दिशा बदलण्याचे प्रयत्न सुरू झाले. सेंच्युरी फ्रीवेविरुद्ध १९७२ मध्ये दाखल झालेल्या दाव्यातील तडजोडीनुसार विस्थापितांसाठी घरे आणि रस्त्याच्या मध्यभागी सार्वजनिक वाहतुकीची तरतूद करावी लागली. हा मार्ग १९९३ मध्ये खुला झाला आणि १९९५ मध्ये त्यावर लोहमार्ग सुरू झाला. त्यापूर्वी जुलै १९९० मध्ये शहरातून लाँग बीचकडे जाणारा हलका लोहमार्ग सुरू झाला होता. २९ वर्षांपूर्वी जेथून शेवटची लाल गाडी गेली, बहुतांशी तोच हा मार्ग होता. २००८ व २०१६ मध्ये मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीसाठी विक्रीकर वाढवण्यास संमती दिली. १९२० च्या दशकात मतदारांनी घेतलेल्या भूमिकेशी तुलना करता हा बदल मोठा आहे. २००८ मध्ये राज्याने संमत केलेल्या कायद्याने प्रादेशिक वाहतूक-नियोजन, जमिनीचा वापर आणि हरितगृह वायूंचे उत्सर्जन यांची प्रथमच एकत्र सांगड घातली. घर व काम यांतील अंतर हा पर्यावरणाचा प्रश्न आहे, ही कबुली धुरक्याच्या पहिल्या मोठ्या प्रकोपानंतर ६५ वर्षांनी कायद्यात उतरली. तथापि एक शतकभर घडत गेलेली वस्ती काही लोहमार्गांनी पालटत नाही. बहुसंख्य नागरिक आजही मोटारीनेच कामावर जातात.

७. भारतीय संदर्भ

लॉस एंजेलिसच्या धुरक्यातून जन्मलेले तंत्रज्ञान भारतातही आले. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवणे व शिसेविरहित पेट्रोल वापरणे सक्तीचे झाले. २०२० पासून भारत स्टेज-६ मानके देशभर लागू झाली. हा उत्सर्जन-नियंत्रणाचा वारसा स्वागतार्हच आहे. परंतु मानके आयात करता येतात, तशी शहराची रचना नंतर आयात करता येत नाही. मुंबईची जुनी उपनगरे १९२५ पासून विजेवर धावू लागलेल्या लोकलच्या स्थानकांभोवती वाढली. त्यामुळे तेथील दूरचा प्रवास मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक वाहतुकीवर राहिला. महाराष्ट्रातील नव्या नागरी वसाहती मात्र अनेक ठिकाणी महामार्ग व वळणरस्त्यांच्या आधाराने वाढत आहेत. या दोन प्रकारच्या विस्तारांचा तौलनिक अभ्यास इतिहास, भूगोल व अर्थशास्त्र या विद्याशाखांनी एकत्रितपणे करणे गरजेचे आहे.

निष्कर्ष

१) लॉस एंजेलिसचा विस्तार मोटारीने सुरू केला नाही. लोहमार्ग, जमीन आणि पाणी यांवर नियंत्रण असलेल्या हितसंबंधांनी त्याचा पाया घातला. मोटारीने आणि संघीय धोरणाने तो सार्वत्रिक व टिकाऊ केला.

२) विस्ताराची पर्यावरणीय किंमत लाभार्थींपेक्षा इतरांनी अधिक मोजली. ओवेन्स खोरे, फ्रीवेलगतच्या कामगारवस्त्या आणि पूर्वेकडील दूरची उपनगरे ही त्याची तीन निरनिराळ्या काळांतील उदाहरणे होत.

३) विज्ञान, लोकमत आणि कायदा यांच्या संयुक्त प्रयत्नांतून धुरक्याचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले. उद्योगांच्या विरोधात सार्वजनिक नियमन यशस्वी होऊ शकते, हे यातून सिद्ध होते.

४) हे नियमन वाहनाच्या धुरापुरते मर्यादित राहिल्याने प्रवासाच्या अंतराचा प्रश्न अनिर्णित राहिला आणि हवामानबदलाच्या रूपाने पुन्हा उभा ठाकला. विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे धूर आणखी घटेल. परंतु त्यांच्यासाठी लागणारे रस्ते, वाहनतळ, आच्छादित जमीन आणि नागरिकांचा प्रवासात जाणारा वेळ यांत केवळ त्यामुळे फरक पडणार नाही.

मोटारीचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असते, तर भूखंडांच्या आखणीचे शतकाहून अधिक. म्हणून ज्या काळात रस्ते आणि भूखंड आखले जातात, तोच पर्यावरणरक्षणाचा खरा काळ असतो. लॉस एंजेलिसमध्ये तो काळ १९४३ चे धुरके दिसण्याच्या कितीतरी आधी निघून गेला होता.